मोरोक्को लवकर सुटला, अल्जीरिया का नाही? संरक्षित राज्य आणि वसाहत यांतला फरक

१९५६ च्या मार्चमध्ये मोरोक्को आणि ट्युनिशिया अठरा दिवसांच्या अंतराने स्वतंत्र झाले. दोघांच्या मधोमध असलेला अल्जीरिया मात्र पुढची सहा वर्षं युद्धात होरपळत राहिला. राज्यकर्ता एकच, मग हा फरक कशामुळे? 'उत्तर आफ्रिका फ्रान्सची वसाहत होती' असं आपण सरसकट म्हणून जातो, आणि हा प्रश्न तिथेच हरवतो. मोरोक्को आणि ट्युनिशिया कायद्याने कधीच वसाहती नव्हत्या. ती होती संरक्षित राज्यं, म्हणजे प्रोटेक्टोरेट.

मराठी वाचकाला हा फरक परका वाटायला नको. पुण्यात आणि रत्नागिरीत थेट इंग्रजांचा कलेक्टर होता. कोल्हापुरात गादीवर छत्रपती होते आणि शेजारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी. मोरोक्कोची स्थिती बरीचशी कोल्हापूरसारखी होती. ३० मार्च १९१२ च्या फेझच्या तहानंतर सुलतान गादीवर राहिला, फर्मानं त्याच्याच नावाने निघत, पण ती ठरवायचा फ्रेंच रेसिडेंट जनरल. सैन्य, तिजोरी आणि परराष्ट्र व्यवहार फ्रेंचांच्या हाती. पहिला रेसिडेंट जनरल लियोते याने जुनी शहरं तशीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी युरोपियनांसाठी नवी वसवली. ट्युनिशियात हीच व्यवस्था १८८१ च्या बार्दोच्या तहापासून होती; तिथे सुलतानाच्या जागी बे, म्हणजे तिथला राजा. आणि ही दोन्ही राज्यं पॅरिसमध्ये परराष्ट्र मंत्रालयाकडे होती. परका देश म्हणून.

म्हणून ही राजवट सौम्य होती असं कुणी समजू नये. सुपीक जमिनी इथेही फ्रेंच वसाहतवाल्यांकडे गेल्या, आणि १९२५-२६ मध्ये रिफच्या डोंगरातला अब्द अल-करीमचा उठाव फ्रेंच आणि स्पॅनिश फौजांनी मिळून चिरडला.

अल्जीरियाची गोष्ट मुळातच वेगळी. १८३० मध्ये फ्रेंच फौजा उतरल्या आणि अल्जीअर्सच्या 'देय'ची, म्हणजे तिथल्या शासकाची सत्ता तह करून नव्हे, तर मुळासकट संपवली. प्रतिकाराचा नेता अब्द अल-कादिर १८४७ पर्यंत लढला. पुढच्याच वर्षी अल्जीरिया हा फ्रान्सचाच भूभाग असल्याचं जाहीर झालं आणि अल्जीअर्स, ओरान, कॉन्स्टंटाइन असे तीन विभाग पाडले गेले, फ्रान्समधल्या कुठल्याही विभागासारखे. पुढे त्यांचा कारभार गृहमंत्रालयाकडे आला.

पण जमीन फ्रान्सची झाली, माणसं झाली नाहीत. १८६५ च्या कायद्याने मुस्लिमांना फ्रेंच प्रजा म्हटलं, नागरिक नाही. नागरिकत्व हवं तर इस्लामी व्यक्तिगत कायदा सोडायचा. तिथल्या ज्यूंना १८७० मध्ये सरसकट नागरिकत्व मिळालं, १८८९ च्या कायद्याने स्पॅनिश आणि इटालियन स्थलांतरितांची मुलंही फ्रेंच झाली. मुस्लिमांसाठी मात्र वेगळी दंडसंहिता. माझ्या मते या राजवटीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच: 'तुझं गाव फ्रान्स आहे, पण तू फ्रेंच नाहीस.'

मोरोक्कोत शेवट कसा झाला ते पाहिलं की फेझच्या तहाचं महत्त्व कळतं. ऑगस्ट १९५३ मध्ये फ्रेंचांनी सुलतान मोहम्मद पाचवे यांना पदच्युत करून आधी कॉर्सिकाला आणि मग मादागास्करला धाडलं. त्यांच्या जागी बसवलेल्या बेन अराफाला लोकांनी मानलंच नाही. रक्तपात झाला, पण फ्रान्सला माघारीची वाट होती: नोव्हेंबर १९५५ मध्ये सुलतानांना परत आणलं आणि त्यांच्याशी बोलणी करून फेझचा तह संपवला. सही करायला माणूस होता, संपवायला तह होता.

अल्जीरियात यातलं काहीच नव्हतं. १ नोव्हेंबर १९५४ ला राष्ट्रीय मुक्ती आघाडीने उठाव केला तेव्हा गृहमंत्री मित्तेराँ संसदेत म्हणाले, 'अल्जीरिया म्हणजेच फ्रान्स.' तिथे सुमारे दहा लाख युरोपीय राहत होते, त्यातले कित्येक तिथेच जन्मलेले. मुस्लिम त्यांच्या आठपटीहून अधिक. अल्जीरिया सोडणं म्हणजे स्वतःच्या देशाचा तुकडा तोडून देणं, अशी पॅरिसची समजूत होती. ती मोडायला साडेसात वर्षांचं युद्ध लागलं. त्यात १९५८ मध्ये फ्रान्सचं चौथं प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाची राज्यव्यवस्था, कोसळून द गॉल सत्तेवर आले. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँचा करार झाला, ५ जुलैला अल्जीरिया स्वतंत्र झाला, आणि त्या एका वर्षात बहुतेक युरोपीय देश सोडून गेले.

याची झळ आपल्याकडेही पोहोचली. फ्रेंचांच्या ताब्यातल्या पुदुच्चेरीचा कारभार भारताच्या हाती आला तो दिवसही १ नोव्हेंबर १९५४. हस्तांतराच्या करारावर १९५६ मध्ये सह्या झाल्या, पण अल्जीरियाचा प्रश्न धगधगत असताना फ्रेंच संसदेने त्याला मंजुरी दिली नाही. अल्जीरिया सुटल्यानंतर, १६ ऑगस्ट १९६२ ला, पुदुच्चेरी कायद्याने भारताची झाली.