अंतर्गत समिती (लैंगिक छळ प्रतिबंध)

अंतर्गत समिती म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलेचा लैंगिक छळ झाल्याच्या तक्रारीची चौकशी करणारी, त्या ठिकाणच्या मालकानेच नेमलेली समिती. भारतात दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तिथे ती लेखी आदेशाने नेमणे बंधनकारक आहे. मग ते सरकारी कार्यालय असो, सहकारी बँक असो, रुग्णालय असो की कापडाचे दुकान. कंपनीची कार्यालये निरनिराळ्या गावांत असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते. मुंबईच्या मुख्यालयातली एकच समिती नाशिकच्या कारखान्यासाठी दाखवून चालत नाही. या समितीचा आधार असलेला कायदा २०१३ साली संमत झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. बोलण्यात त्याला ‘पॉश’ म्हणतात, म्हणजे ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. मूळ कायद्यात ‘अंतर्गत तक्रार समिती’ असे नाव होते. २०१६ च्या दुरुस्तीत ‘तक्रार’ हा शब्द गळला, तरी कार्यालयांतल्या फलकांवर जुने नाव अजून सर्रास दिसते.

कायद्याच्या मागे भंवरीदेवींचे प्रकरण आहे. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या भटेरी गावी ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, म्हणून काम करत. १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्याच्या सुडापोटी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. बाई सरकारच्या कामावर होत्या. मग त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या त्या पीठात मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. लैंगिक छळ हा समानतेच्या, सन्मानाने जगण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. छळ हा केवळ एका माणसाचा वाह्यातपणा नसून नोकरीतला भेदभाव आहे, म्हणून मालकही उत्तरदायी, ही मांडणी तिथली.

संसदेला कायदा करायला पुढे सोळा वर्षे लागली. त्या काळात या तत्त्वांनुसार समित्या बसत, अहवाल देत, आणि मग खातेनिहाय चौकशी नव्याने सुरू होई. बाईला तीच हकीकत दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा सांगावी लागे. पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा, असा आदेश त्यातून २००४ मध्ये मिळाला आणि २०१२ च्या अंतिम निकालाने तो पक्का झाला. आज समितीच्या अहवालाला जे वजन आहे, ते मोठ्या प्रमाणात याच प्रकरणामुळे.

समितीची रचना अशी : अध्यक्ष म्हणून त्या ठिकाणची वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य आणि बाहेरचा एक सदस्य, जो महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला असावा. निम्म्या तरी जागा महिलांच्या. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. मात्र सदस्य त्याच कंपनीचा पगार घेतात आणि तक्रार अनेकदा त्यांच्या वरच्या साहेबाविरुद्ध असते. कायद्याची खरी अडचण इथे आहे. बाहेरचा सदस्य ठेवला आहे तो हा दबाव कमी करण्यासाठी. त्याच्या निवडीवरून मालकाचा हेतू बराचसा कळतो : कंपनीचाच सल्लागार वकील किंवा संचालकांच्या ओळखीतले कोणी त्या खुर्चीवर बसले, तर तरतूद कागदावर पाळली जाते, एवढेच. नियमांनी या सदस्याला सुनावणीच्या दिवसाचा भत्ता ठरवला आहे तो दोनशे रुपये, शिवाय प्रवासखर्च. एवढ्या पैशांत दिवसभराची सुनावणी आणि रात्री बसून जबाब वाचणे असे काम अपेक्षित आहे. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या जास्त मानधन देतात, आणि मग स्वातंत्र्याचा प्रश्न दुसऱ्या दाराने परत येतो.

तक्रार घटनेपासून, किंवा प्रकार सतत चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. ही मुदत किती कडक आहे हे सप्टेंबर २०२५ मधल्या एका निकालात दिसले. कोलकात्यातल्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेरची ठरून गेली. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मात्र घटना विस्मरणात जाऊ नये म्हणून हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग करावा, असेही सांगितले. वरिष्ठाच्या हाताखाली नोकरी टिकवण्याची धडपड करणाऱ्या बाईला सहा महिन्यांत बोलण्याचे बळ येतेच असे नाही, ही या तरतुदीवरची जुनी टीका आहे आणि ती रास्त आहे.

तक्रार आली की समिती सात कामकाजी दिवसांत तिची प्रत समोरच्याला पाठवते. त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशीआधी बाईनेच मागितले तर समेट घडवता येतो, पण पैसे घेऊन मिटवणे कायद्याला मान्य नाही. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि मालकाने ६० दिवसांत अंमल करावा. वकील कोणालाच आणता येत नाही. चौकशी चालू असताना तक्रारदाराची मागणी असेल तर तिची किंवा समोरच्याची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, अशी शिफारस समिती करू शकते. उलटतपासणी दोघांना समोरासमोर न बसवता लेखी प्रश्नांतून करण्याची पद्धत बऱ्याच समित्यांत आहे : समोरचा प्रश्न लिहून देतो, अध्यक्ष गैरलागू प्रश्न बाजूला काढतात, उरलेले बाईला विचारले जातात आणि उत्तरे त्याला दाखवली जातात. हे नीट केले तर दोन्ही बाजूंना न्याय मिळतो. घाई केली तर सगळेच ढासळते.

याचे ठळक उदाहरण गोव्यातले आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये तक्रारी आल्या, समितीने लागोपाठ बैठका घेऊन झटपट चौकशी उरकली आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती, आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. म्हणजे चौदा वर्षांनी तक्रारदार विद्यार्थिनी होत्या तिथेच. त्याच निकालात न्यायालयाने देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये समितीच नसल्याच्या बातमीची दखल घेतली आणि अंमलबजावणीचे निर्देश दिले.

आरोप सिद्ध झाला तर लेखी माफीपासून वेतनवाढ रोखणे ते बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुकसानभरपाई समोरच्याच्या पगारातून कापता येते. खोटी तक्रार हेतुपुरस्सर केल्याचे चौकशीत सिद्ध झाले तर तक्रारदारावरही कारवाई होते. पण पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कलमात स्पष्ट लिहिले आहे. मालकांच्या प्रशिक्षण वर्गात पहिला प्रश्न खोट्या तक्रारींचाच येतो, म्हणून हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे लागते. अहवाल मान्य नसेल त्याला ९० दिवसांत अपील करता येते. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द होण्याची शक्यता.

फक्त महिलाच या कायद्याखाली तक्रार करू शकते. समोरची व्यक्ती महिलाही असू शकते, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. कायम नोकर, रोजंदार, कंत्राटी, शिकाऊ, बिनपगारी, सगळ्यांना संरक्षण आहे, आणि कंत्राटी बाई ठेकेदाराची माणूस आहे असे म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. कार्यालयाची गाडी आणि कामानिमित्त जावे लागते ती जागाही ‘कामाचे ठिकाण’ आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच वाट आहे. त्यांच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर स्थानिक समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते.