यॉर्क : नगररचना आणि दळणवळण

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातले तटबंदीचे शहर. ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमापाशी रोमन सैन्याने इ.स. ७१ मध्ये छावणी घातली. तिचे नाव एबोराकम. छावणीचे दोन मुख्य रस्ते आजही स्टोनगेट आणि पीटरगेट या नावांनी जवळपास त्याच रेषेत वाहते आहेत. मिन्स्टर हे अवाढव्य चर्च छावणीच्याच जागेवर उभे आहे.

नवख्या माणसाची पहिली फसगत नावांत होते. इथे ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. ८६६ मध्ये शहर घेणाऱ्या व्हायकिंगांच्या भाषेतून तो शब्द आला. वेशीला म्हणतात ‘बार’. बूदम, मंक, वॉल्मगेट आणि मिकलगेट या चार मोठ्या वेशी. तट सुमारे ३.४ किमी लांबीचा असून त्यावरून चालता येते. पूर्वेला मात्र तो मधेच संपतो. नॉर्मनांनी फॉस अडवल्यावर तिथे दलदलीचे तळे झाले होते. शत्रूला रोखायला तेवढे पुरेसे होते, भिंत बांधायचे कारणच उरले नाही.

तटाच्या आत मध्ययुगीन बोळांचे जाळे आहे. शॅम्बल्स ही जुनी खाटीक गल्ली. तिथली लाकडी घरे वरच्या मजल्यांवर पुढे झुकत जातात, त्यामुळे आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते. खिडक्यांखाली मांस मांडायच्या फळ्या आणि टांगायचे आकडे अजून आहेत. दुकाने आता पर्यटकांची.

रेल्वे १८३९ मध्ये आली. दोन वर्षांनी तटाला कमान पाडून रूळ आत नेले आणि स्थानक शहरात बांधले. हे धाडस अंगाशी आले: लंडनहून न्यूकॅसलकडे जाणारी गाडी आत शिरायची आणि पुन्हा उलटी बाहेर पडायची. शेवटी १८७७ मध्ये तटाबाहेर नवे स्थानक उभे राहिले. त्याचे लोखंड-काचेचे छप्पर फलाटांबरोबर असे वळत जाते की एका टोकाला उभे राहिल्यास दुसरे टोक दिसत नाही. लंडन–एडिंबरा मुख्य मार्गावरचे हे स्थानक लंडनपासून सुमारे ३०० किमी, वेगवान गाडीने दोनेक तासांवर आहे. लीड्स, हल, हॅरोगेट आणि स्कारबरो येथेही थेट गाड्या जातात. शेजारीच १९७५ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९३८ मध्ये ताशी २०३ किमी वेग गाठणारे ‘मॅलार्ड’ हे वाफेचे इंजिन तिथलेच. स्थानकातून बाहेर पडले की समोर तट, आणि लेंडल पूल (१८६३) ओलांडून मिन्स्टर पायी पंधरा मिनिटांत.

मोटारींना गावाने आत फारसा थारा दिलेला नाही. तटालगत मोठा वर्तुळमार्ग काढण्याचा बेत १९७० च्या दशकात नागरिकांच्या विरोधापुढे बारगळला. तो झाला असता तर वेशींची रया गेली असती. स्टोनगेट १९७१ मध्येच पादचाऱ्यांना मोकळा झाला. बाहेरचा वळसा दक्षिण-पूर्वेकडून ए-६४ आणि उत्तर-पश्चिमेकडून ए-१२३७ या रस्त्यांनी पुरा होतो. त्याच्या आसपासच्या वाहनतळांवर गाडी ठेवायची आणि बसने आत यायचे, ही पद्धत इथे चांगली रुजली आहे. २००१ मध्ये ऊझवर बांधलेला मिलेनियम पूल तर फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे.

ऊझमधून एके काळी माल येई. आता सहलीच्या होड्या फिरतात. पूर आला की किंग्ज स्टेथ हा धक्का पाण्याखाली जातो. धक्क्यावरच्या एका पबमध्ये कोणत्या साली पाणी कुठवर चढले याच्या खुणा आहेत. त्यांतल्या काही उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर जातात.