मामिचा पास आणि पेडर रोडचं दार

मागे परळच्या एका मुलाचा मेसेज आला. "काका, मुंबईच्या फेस्टिव्हलला फिल्म पाठवली. दोन तासांची आहे, घेतील ना?" त्याने पाठवलेली लिंक उघडली तर ती मिफची. याची फिल्म म्हणजे नायक-नायिका, सासू, भांडण, सगळं असलेली कथा. ती गेली माहितीपटांच्या महोत्सवाला. तिथे कथेलाही जागा असते, पण लघुपटाएवढी. त्याला म्हटलं, अरे, तुला मामि हवं होतं, मुंबईचा तो दुसरा महोत्सव. तर म्हणाला, "दोन्ही एकच ना?"

नाहीत. वीसेक वर्षं हेच सांगतोय, आता एकदा लिहूनच टाकतो.

त्या पोराचा दोषही फारसा नाही. मिफ म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. मामि म्हणजे मुंबई ॲकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज. हे महोत्सवाचं नाव नव्हेच, तो भरवणाऱ्या ट्रस्टचं नाव आहे. महोत्सवाचं नाव मुंबई फिल्म फेस्टिव्हल. मराठी बातमीत दोन्हींचं 'मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव' होतं, आणि मिफच्या नावामागची 'माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन' ही शेपूट जागा वाचवायला सर्रास कापली जाते. सगळा अर्थ त्या शेपटीत आहे, हे कापणाऱ्याच्या गावीही नसतं. बरं, 'मामि' तोंडी 'मामी'च होतं. ऑक्टोबरात "मामिला जातोय" म्हटलं की आई विचारायची, "कुठल्या, ठाण्याच्या?"

मामि तुम्हाला माहीत आहे असं धरतो. सकाळी आठला बुक माय शोवर सीटसाठी झटापट, मग जुहू, अंधेरी, कुलाबा अशी धावपळ, आणि कान किंवा व्हेनिस गाजवून आलेला एखादा चित्रपट पाहून रात्री शेवटची लोकल. वरवरचे फरक चटकन उरकतो. मिफचं बक्षीस शंख, सुवर्ण नाहीतर रौप्य. मामिचं गोल्डन गेटवे. मिफचा पत्ता पेडर रोडचं फिल्म्स डिव्हिजनचं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहितीपट विभागाचं आवार, जिथे गुलशन महाल आणि सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मामि थिएटर बदलत फिरतं. मिफचा जीवनगौरव व्ही. शांतारामांच्या नावाने दिला जातो. इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि पिफ यांना कृपया यात ओढू नका. इफ्फी १९५२ साली पहिल्यांदा मुंबईतच भरला होता हे खरं, पण २००४ पासून तो गोव्यात आहे. आणि पिफ पुण्याचा, हे पुणेकर तुम्हाला विसरू देणार नाहीत.

आता खरी गोम. समजावून सांगणारे बहुतेक जण "माहितीपट तिकडे, फीचर इकडे" म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. माहितीपट मामितही लागतात, लघुपटही लागतात. 'डायमेन्शन्स मुंबई' हा मामिचाच विभाग, १८ ते २५ वयाच्या मुंबईकर पोरांच्या पाच मिनिटांच्या फिल्म्सचा. उलट मिफमध्ये दीड-दोन तासांचे माहितीपट असतात, त्यामुळे "मिफ म्हणजे छोट्या फिल्म्स" हेही टिकत नाही. लांबी आणि प्रकार यांवरून ओळखायला गेलात की फसलात. बघायचं ते पैसा कुणाचा हे.

मिफ सरकारी आहे. १९४८ ला स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने तो १९९० मध्ये सुरू केला. माझ्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन म्हणजे थिएटरात मुख्य सिनेमाआधीची ती सक्तीची न्यूजरील. लोक मुद्दाम उशिरा आत शिरायचे. 'माहितीपट' म्हटल्यावर पडणारा चेहरा तिथलाच. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, महोत्सव तिकडे गेला, पण वर माहिती आणि प्रसारण मंत्रालय होतं ते आहेच. मामि मात्र हृषीकेश मुखर्जी आणि इंडस्ट्रीतल्या मंडळींनी १९९७ मध्ये उभी केलेली संस्था. तिचा महोत्सव चालतो प्रायोजकांवर.

एवढ्याने काय बिघडतं म्हणाल, तर जरा बोटं मोजा. मिफ दर दोन वर्षांनी. पहिला १९९० ला, सोळावा २०२० ला. मधे एकही गाळलेला नाही. त्यानंतर २०२२ ला सतरावा आणि २०२४ ला अठरावा, तोही १५ ते २१ जून, म्हणजे छत्री सांभाळत. मामि दरवर्षी, असं सगळे लिहितात. पहिला १९९७ ला. दरवर्षी झाला असता तर २०१४ ला अठरावा आला असता, आला सोळावा. पुढची मोजणी आणखी मजेशीर. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत 'दर दोन वर्षांनी'चा मिफ तीनदा झाला, आणि 'दरवर्षी'चा मामि दोनदा, २०२३ आणि २०२४ ला. कोविडमध्ये नेहमीसारखा भरला नाही, २०२५ ला झालाच नाही. तेव्हा मामिला 'वार्षिक' म्हणायचं ते आशीर्वादासारखं, शतायुषी भव म्हणतात तसं.

२०१४ आठवून बघा. मोठा प्रायोजक निघून गेला आणि महोत्सव बंद पडायची वेळ आली. मग इंडस्ट्रीतल्यांनी आणि तिकीट काढून बघणाऱ्या साध्या प्रेक्षकांनीही पैसे घातले. गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीची वर्गणी असते ना, अगदी तशी. महोत्सव झाला. मग २०१५ पासून नावामागे जिओ लागलं, दिग्दर्शिका किरण राव आणि समीक्षक अनुपमा चोप्रा यांनी सूत्रं हातात घेतली, दिवे वाढले. लोक 'जिओ मामि' म्हणू लागले आणि मला दर वेळी मोबाइलच्या रिचार्जची आठवण यायची. २०२४ ला जिओ गेलं, जुने चित्रपट जपणारे शिवेंद्र सिंह डुंगरपूर संचालक झाले, आणि पुन्हा तोच प्रश्न: पैसे कुठून?

मिफला ही चिंता नाही. त्याचं दुखणं निराळं. २००४ च्या मिफसाठी नियम आला की भारतीय फिल्मला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं, परदेशीला नको. म्हणजे पाहुण्याला दार उघडं आणि घरच्या माणसाची झडती. देशभरचे माहितीपटवाले एकत्र आले, आरडाओरडा झाला, नियम मागे घेतला गेला. पण निवड जाहीर झाली तेव्हा टोकदार, विशेषतः गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरच्या फिल्म्स बाहेर राहिल्या होत्या. पुढच्या दाराने काढलेलं सेन्सॉर मागच्या दाराने आलं, असं चित्रकर्मी उघड म्हणाले. त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने समांतर महोत्सवच भरवला. मिफच्या त्या वर्षाबद्दल आज कुणी बोललंच, तर विकल्पबद्दल बोलतं.

यावर लगेच "बघा, म्हणून खाजगीच बरं" म्हणणारे भेटतात. सावकाश. सेन्सॉरशिवाय फिल्म दाखवायची तर सूट मामिलाही मंत्रालयाकडूनच घ्यावी लागते. ती नोंदणी केलेल्या प्रेक्षकांपुरतीच असते, म्हणूनच दोन्हीकडे साधं तिकीट काढून आत जाता येत नाही, डेलिगेट म्हणून नाव नोंदवावं लागतं. गळ्यातलं ते कार्ड मिरवायला दिलेलं नसतं.

माझी आवड विचाराल तर मिफ. हो, तोच सरकारी, भाषणं लांबणारा. मामित पाहिलेला चित्रपट सहा महिन्यांनी कुठल्या तरी ॲपवर येतो आणि सीटसाठी केलेल्या मारामारीचं हसू येतं. मिफमध्ये पाहिलेला कुणा एका गावाच्या विहिरीवरचा माहितीपट पुन्हा कुठेच सापडत नाही. शिवाय खेळ संपल्यावर ज्याने तो केला तो बाहेर चहा पीत उभा असतो आणि त्याच्याशी भांडता येतं. मामित दिग्दर्शकाला गाठेपर्यंत त्याची गाडी आलेली असते.

त्या परळच्या मुलाची फिल्म अर्थातच परत आली. आता तो मामिचा फॉर्म कधी निघतोय ते पाहतो आहे, आणि मधल्या काळात त्याने चाळीतल्या नळावर बारा मिनिटांचा माहितीपट केला आहे. तो मिफला पाठवायचा ठरलंय. या वेळी लिंक मीच तपासणार आहे.