पोटातली सावली आणि ती वाचणारे

आत्याला जेवणानंतर डाव्या बरगडीखाली कळ यायची. तुपातलं, तळलेलं खाणं झालं की हमखास. दिवाळीच्या फराळानंतर तर दोन-दोन दिवस. इंदूरच्या रामबागेतल्या घरात त्या दुखण्याला 'वायू' असं नाव पडलं होतं. आधी ओवा आणि सैंधव, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, अशी तीन वर्षं गेली. "डाव्या कुशीत दुखून राहिलंय," एवढंच ती सांगे, आणि डावीकडे म्हटल्यावर पित्ताशयाचा विचार कोणी करत नसे. पित्ताशय उजवीकडे असतं. पुढे खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला तेव्हा टेक्निशियनला वाटलं, फिल्म उलटी झाली. त्यानं दुसरी काढली, तीही तशीच आली. आत्याचं हृदयच उजवीकडे होतं, यकृत आणि पित्ताशय डावीकडे, आतले सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे.

साधारण दहा हजारांत एकाची रचना अशी असते. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं, पण ते शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहून. विरळ आजारांचा इतिहास बराचसा असाच आहे. आधी ते मेल्यावर कळत, मग पोट उघडल्यावर कळू लागले, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत पोट न उघडता. या शेवटच्या टप्प्याचं सगळं श्रेय आपण यंत्राला देऊन टाकतो. ते मला पटत नाही. यंत्रानं दाखवलेली आतली सावली तेवढंच सांगते जेवढं तिला विचारलं जातं, आणि काय विचारायचं ते रुग्णाच्या बोलण्यातून येतं.

मराठीत दुखण्याला शब्द तरी किती. ठणका म्हटलं की आत पू धरला असेल अशी शंका येते. कळ लाटेसारखी येते आणि जाते, म्हणजे एखादी नळी अडथळा ढकलायला बघतेय. पीळ, मुरडा आतड्याचा. जळजळ वेगळी, चमक वेगळी, बोचणं आणखी वेगळं. इंदूरच्या दवाखान्यात रुग्ण मराठीत किंवा माळवीत बोलतो, डॉक्टर हिंदीत ऐकतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. आजीचा 'पोटात पीळ पडतोय' हिंदीत 'पेट दर्द' होतो आणि कागदावर 'पेन ॲब्डोमेन'. पीळ वाटेतच गळून पडतो, आणि निदानाला नेमका तोच हवा असतो.

सावल्या येण्याआधी डॉक्टरकडे कान आणि बोटं होती. ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड आउएनब्रुगर, यानं १७६१ मध्ये छातीवर बोटानं ठोकून आतलं पाणी ओळखण्याची रीत छापली. वडिलांच्या पिंपांवर टिचक्या मारताना ती सुचली असं सांगतात. आपल्याकडे माठ घेताना प्रत्येक बाई हेच करते. फ्रेंच डॉक्टर लेनेकचा स्टेथोस्कोप १८१६ चा. हाताची ही विद्या पोटाच्या बाबतीत किती दूर जाऊ शकते, ते अपेंडिक्सनं दाखवलं. १७३५ मध्ये लंडनला क्लॉडियस अमियँड यांनी अकरा वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला, तर त्या पिशवीत अपेंडिक्स होतं आणि एका टाचणीनं त्याला भोक पडलेलं. अपेंडिक्स काढल्याची नोंद असलेली ही पहिली शस्त्रक्रिया. आधी कोणालाच काही कल्पना नव्हती. हर्निया म्हणून उघडलं आणि हे निघालं. या प्रकाराला आजही अमियँडचा हर्निया म्हणतात, आणि आजही तो बऱ्याचदा शस्त्रक्रिया चालू असतानाच कळतो.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८८६ मध्ये, बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी उजव्या ओटीपोटातल्या त्या जीवघेण्या सुजेचं मूळ अपेंडिक्समध्ये आहे हे मांडलं आणि 'अपेंडिसायटिस' हे नाव दिलं. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबर्नींनी बोटानं दाबायची जागा ठरवून दिली: बेंबी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून दीड-दोन इंचांवर. "आधी बेंबीभोवती दुखत होतं, मग खाली उजवीकडे उतरलं," असं जे रुग्ण सांगतो ते एक वाक्यच अर्धं निदान असतं. अपेंडिक्सच्या नसा बेंबीच्या पातळीला मज्जारज्जूत शिरतात, म्हणून सुरुवातीला दुखणं मधोमध, नेमकी जागा न सांगता येणारं असतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मग बोट ठेवून जागा दाखवता येते. 'उतरलं' हे क्रियापद कुठल्याही यंत्रात दिसत नाही.

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या व्ह्युर्झबुर्गमध्ये व्हिल्हेल्म रोंटगेन यांना ते किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. हाडं आणि अंगठी. किरणांचं स्वरूप ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर 'एक्स' दिलं, आणि आपण त्याचं 'क्ष' केलं. शाळेत समीकरण सोडवताना ज्याची किंमत काढायची तोच हा क्ष. मला हे भाषांतर फार आवडतं. प्रत्येक फिल्मवर ते समीकरण न सुटलेलंच येतं.

हाडं आणि गोळ्या लगेच दिसू लागल्या. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, लष्करी डॉक्टर वॉल्टर बीव्हर यांनी हे यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधल्या. पोटाचं मात्र काही जमेना. आतडी, जठर, यकृत सगळे एकसारखे करडे. हार्वर्डमधला विद्यार्थी वॉल्टर कॅनन यानं १८९६ च्या शेवटी प्राण्यांना बिस्मथ, म्हणजे किरण अडवणारा एक जड धातू, मिसळलेलं अन्न भरवून जठराची हालचाल पडद्यावर पाहायला सुरुवात केली. पुढे बिस्मथची जागा बेरियमनं घेतली. रिकाम्या पोटी पांढरा घोळ प्यायला लावणारी ती तपासणी आमच्या आधीच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल.

आणि इथून नवीन प्रकारची चूक जन्माला आली. आतडं किंवा जठर फुटलं की हवा पोटाच्या पोकळीत सुटते. रुग्णाला उभं करून फोटो काढला की ती वर चढते आणि उजव्या पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूखाली, काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. ही कोर दिसली की पोट उघडायचं, हे प्रत्येक शिकाऊ सर्जनच्या अंगी मुरवलेलं असतं. पण १९१० मध्ये व्हिएन्नात काम करणारे दिमित्रिओस किलाइडिटी यांनी तीन रुग्ण दाखवले, ज्यांच्या फिल्मवर तशीच हवा होती आणि आतडं कुठेच फुटलेलं नव्हतं. मोठं आतडं यकृत आणि पडदा यांच्यामध्ये सरकून बसलं होतं. हवा आतड्याच्या आतली होती, जिथे असायला हवी तिथलीच. हा फरक ओळखायचा तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक फिल्मवर: त्या काळ्या भागात मोठ्या आतड्याच्या घड्या दिसतात का. दुसरी खाटेवर: ज्याचं आतडं फुटलंय त्याचं पोट फळीसारखं कडक असतं, तो हलायला तयार नसतो, त्याचा श्वासही उथळ असतो. किलाइडिटीचा माणूस उठून बसतो, बोलतो, पोट मऊ. फक्त फिल्म पाहून निर्णय घेतला तर निरोगी पोटावर सुरी चालते, आणि अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

काही विरळ आजारांच्या बाबतीत फोटोनं मात्र खरोखर दार उघडलं. पित्ताशयातला मोठा खडा भिंत झिजवून आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. बहुधा वयस्क बायकांमध्ये. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ थॉमस बार्टोलिन यांना १६५४ मध्ये तो शवविच्छेदनात दिसला होता. १९४१ मध्ये अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी त्याच्या फिल्मवरच्या तीन खुणा एकत्र मांडल्या: फुगलेली आतडी, पित्तनलिकेत हवा, भलत्याच जागी खडा.

सोनोग्राफीची कथा कापडगिरण्यांच्या इंदूरमधल्या माणसाला जवळची वाटावी, कारण ती बॉयलरपासून सुरू होते. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. धातूतली भेग शोधायला तिथे ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. डोनाल्ड यांनी सोबत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी नेल्या होत्या. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. अभियंता टॉम ब्राउन यांच्याबरोबर त्यांनी यंत्र सुधारलं आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापले. त्या काळातली एक रुग्ण जठराच्या कर्करोगानं आता वाचत नाही असं ठरवलेली होती. पोट पाण्यानं भरलंय असं हाताला वाटत होतं. यंत्रानं एकच मोठी, पाणी भरलेली गाठ दाखवली. ती अंडाशयाची होती, काढता येण्यासारखी, आणि बाई बरी झाली. हाताची चूक यंत्रानं दुरुस्त केल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

याच काळात इकडे काय होतं? इंदूरला वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून, ब्रिटिश रेसिडेन्सीच्या परिसरातल्या मेडिकल स्कूलपासून. १९४८ मध्ये महात्मा गांधी मेमोरियल कॉलेज झालं. तिथून एमबीबीएस झालेल्या पहिल्या महिला डॉ. भक्ती यादव, महिदपूरच्या मराठी घरातल्या. परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी कित्येक दशकं बाळंतपणं केली आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शिकून बाहेर पडल्या तेव्हा डोनाल्ड यांचा लेख अजून छापला जायचा होता. पोटावरचा हात, बाईचं बोलणं आणि आधी पाहिलेल्या शेकडो बायकांची आठवण, हीच त्या पिढीची साधनं होती. पुढे यंत्र आलं, आणि आपल्या देशात त्याचा असा दुरुपयोग झाला की १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. आज सोनोग्राफीचं प्रत्येक केंद्र त्याखाली नोंदवावं लागतं. या यंत्राबद्दल लिहिताना ते न लिहिणं मला जमत नाही.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं एका बाईच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला. चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड कित्येक शेकडे. गाठीत चरबी आणि दातासारखं कठीण काही एकत्र सापडलं, तर ती अंडाशयातली डर्मॉइड गाठ, हे आता आकड्यांवरून कळतं.

सीटीमुळे ओळखू येऊ लागलेल्या आजारांपैकी आपल्याकडे लक्षात ठेवावा असा एक म्हणजे 'ॲब्डॉमिनल कोकून'. सिंगापूरच्या फू आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तरुण मुलींमध्ये पाहून हे नाव दिलं. लहान आतडं जाड पांढऱ्या पापुद्र्यात, रेशमाच्या किड्यासारखं, गुंडाळून जातं. भारतात त्यामागे बरेचदा पोटाचा क्षय असतो. मुलगी सांगते: महिन्या-दोन महिन्यांनी पीळ पडतो, उलट्या होतात, पोटात गोळा येतो आणि आपोआप जातो. 'गोळा येतो आणि जातो' हे ऐकलं तर स्कॅनवर मधोमध गोळा झालेली आतडी आणि भोवतीचा पापुद्रा शोधला जातो. नाही ऐकलं तर तीच आतडी 'अडथळा' म्हणून लिहिली जातात आणि खरा प्रकार सर्जनला सुरी हातात असताना भेटतो.

केसांच्या गोळ्याचंही तसंच. बोदमाँ यांनी १७७९ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. मुलगी वर्षानुवर्षं स्वतःचे केस तोडून गिळते. केस पचत नाहीत, जठराचा साचा घेऊन बसतात. सीटीत मधे हवेचे ठिपके असलेला मोठा गोळा दिसतो, आणि अन्नाचा साठा समजून तो सुटूही शकतो. डोक्यावर केस विरळ झालेला चट्टा शोधावा लागतो, आणि आईला बाहेर बसवून मुलीला हळूच, दोष न देता विचारावं लागतं.

आत्याचं पुढे रीतसर झालं. सोनोग्राफीत डावीकडच्या पित्ताशयात खडे दिसले. दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करताना सर्जनला नेहमीच्या उलट बाजूला उभं राहावं लागलं, छिद्रंही उलट बाजूला, आणि आदल्या संध्याकाळी त्यानं सगळा क्रम कागदावर उलटा काढून पाहिला. आता तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: हृदय उजवीकडे. नवीन डॉक्टरनं नाव विचारायच्या आत आत्या ते पान उघडून समोर धरते.