छटाक-नवटाकाने तोललेला आवाज

मीडियम वेव्हच्या जुन्या ट्रान्समीटर हॉलमध्ये कार्यक्रम ऐकायला रेडिओ लागत नसे. जाळीच्या पिंजऱ्यात कपाटाएवढा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर असायचा. त्याच्या गाभ्यातल्या पोलादी पट्ट्या निवेदकाच्या आवाजाबरोबर थरथरायच्या आणि बातम्या चक्क त्या लोखंडातून ऐकू यायच्या. जरा घोगऱ्या, इतकंच.

लोखंड बोलायचं, कारण त्यातून जाणारी ताकदच तशी होती. मीडियम वेव्हवर चालणारं एएम म्हणजे वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त करणं; यालाच मॉड्युलेशन म्हणतात. आकाशवाणी पुण्याची 792 किलोहर्ट्झची लहर सेकंदाला 7 लाख 92 हजार हेलकावे खाते. आपण ऐकतो ते या हेलकाव्यांचं लहान-मोठं होणं. 100 किलोवॉटच्या वाहक लहरीवर एखादा सूर पूर्ण क्षमतेने चढवायचा तर आणखी 50 किलोवॉट लागतात. प्लेट मॉड्युलेशन या जुन्या पद्धतीत ते सगळे ध्वनीच्या ॲम्प्लिफायरने पुरवायचे. 50 किलोवॉटचा ॲम्प्लिफायर! विसर्जन मिरवणुकीतल्या भिंतींनीही मान खाली घालावी.

हा भार व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, उचलत. त्यांचं फिलामेंट आधी चांगलं तापवायचं, मग आतल्या धातूच्या प्लेटला दहा-बारा हजार व्होल्ट द्यायचे. पिंजऱ्याचं दार उघडताच पुरवठा तुटेल अशी सोय असे, तरी आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी टेकवल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. उष्णतेचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेत सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्राने 1934 मध्ये 500 किलोवॉटचा ट्रान्समीटर लावला, तेव्हा व्हॉल्व्ह थंड करणारं पाणी निववायला इमारतीबाहेर कारंज्यांचं तळं करावं लागलं. बेल लॅब्सच्या विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्ये दोन व्हॉल्व्हमध्ये काम वाटून विजेची नासाडी बरीच कमी केली, पण यंत्र शेवटी भट्टीच राहिलं.

ट्रान्झिस्टर आले तेव्हा ते व्हॉल्व्हपुढे अगदीच किरकोळ होते. एकट्याने शंभर किलोवॉट झेपणारा ट्रान्झिस्टर आजही नाही. म्हणून अनेक छोट्या ॲम्प्लिफायरची, म्हणजे मॉड्यूलची, बेरीज करायची असं ठरलं. अमेरिकेतल्या हॅरिस कंपनीचे अभियंते हिल्मर स्वॉन्सन यांनी 1980च्या दशकात या बेरजेलाच मॉड्युलेशन बनवलं, आणि मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

ती समजायला वाण्याचा जुना तराजू आठवा. शेर, मग अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक: प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. एवढ्या मापांत वाणी हवं ते वजन छटाकापर्यंत तोलायचा. हॅरिसच्या 10 किलोवॉटच्या ट्रान्समीटरमध्ये 48 मॉड्यूल असत. त्यातली 42 सारखी, म्हणजे शेराची मापं. उरलेली सहा अच्छेरापासून छटाकापर्यंत, आणि त्याखाली आणखी दोन पायऱ्या. आवाजाचं सेकंदाला लाखो वेळा मोजमाप होतं आणि त्या क्षणी लहर जितकी उंच हवी तितकीच मापं पारड्यात पडतात. सूर चढला की मॉड्यूल चालू, उतरला की बंद. ना प्रचंड ॲम्प्लिफायर, ना बोलणारं लोखंड.

वीजही इथेच वाचते. मॉड्यूलमधला मॉसफेट हा ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. उष्णता होते ती अधल्यामधल्या अवस्थेत, आणि तिथे तो थांबतच नाही. प्लेट मॉड्युलेशनच्या यंत्रात भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी पन्नास-साठ टक्केच लहर बनून प्रसारित व्हायची, आताच्या यंत्रांत पंचाऐंशीच्या आसपास होते. शिवाय एखादं मॉड्यूल गेलं तरी केंद्र बंद पडत नाही. अनेक यंत्रांत कार्यक्रम चालू असतानाच ते खणासारखं ओढून दुसरं सरकवता येतं. एकुलता एक मोठा व्हॉल्व्ह गेला, की श्रोत्यांना नुसती खरखर.

मात्र वळवाच्या पावसात व्हॉल्व्हची आठवण होते. मीडियम वेव्हचा मनोरा हाच ॲंटेना असतो, पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर उभा. जवळपास वीज पडली की तिचा झटका ॲंटेनाला जोडणाऱ्या फीडरमधून थेट ट्रान्समीटरकडे येतो. व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडायची, ओव्हरलोड रिले खटकन पडायचा, पुन्हा चालू केलं की गाडी रुळावर. मॉसफेट मायक्रोसेकंदांत जळतो. म्हणून नव्या यंत्रात उलट येणाऱ्या लाटेवर सतत नजर ठेवणारं सर्किट असतं. धोका दिसला की ते सगळी मापं पारड्यातून काढून घेतं आणि क्षणात परत टाकतं. घरी ऐकणाऱ्याला बातम्यांमध्ये एक बारीकशी उचकी जाणवते.