सुईच्या भोकातला पाऊस

जूनमधली राजमाचीची रात्र. तंबू नवा, कापड उत्तम, तरी पहाटे स्लीपिंग बॅगची एक बाजू चिंब. टॉर्च लावून पाहिलं तर कापड आतून कोरडंच होतं. आढ्याच्या शिवणीवर मात्र ओळीने थेंब लटकत होते, प्रत्येक टाक्याखाली एक.

हलके तंबू बरेचदा सिलनायलॉनचे असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मुरवलेल्या नायलॉनचे. अशा कापडावर मीटर-दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार जात नाही. पण शिलाई मशीनची सुई त्यात शेकडो भोकं पाडते. भोक अर्ध्या मिलिमीटरचं धरा. त्याच्या तोंडाशी पाण्याला अडवतो तो फक्त पृष्ठताण, आणि कापड कितीही जलरोधक असलं तरी तो जेमतेम सहा सेंटिमीटर पाण्याचा भार पेलतो. वाऱ्याने ताणलेल्या शिवणीत भोकं आणखी रुंदावतात.

त्यात भर दोऱ्याची. दोरा अनेक बारीक तंतूंचा पीळ असतो आणि तंतूंमधल्या फटींतून केशाकर्षणाने पाणी सरकत राहतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं दोऱ्यातून पाणी थोडंफार वरही चढतं. जुन्या कॅनव्हासच्या तंबूंमध्ये सुती दोरा भिजला की फुगायचा आणि भोक बुजवायचा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत खरा, पण तो फुगत नाही.

म्हणून भोकं आपणच बुजवायची. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप असलेल्या तंबूंना कारखान्यातच आतून शिवणपट्टी चिकटवतात, ती सिलनायलॉनवर टिकत नाही. शिवाय मुंबईच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेला पॉलियुरेथेनचा लेप पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो.

सिलिकॉनला मात्र हीच दमट हवा लागते. खिडकीच्या काचेला लावतात ते पारदर्शक सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हवेतली वाफ शोषून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि रबर तयार होतं. तेव्हा ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणून व्हिनेगरसारखा वास येतो. पुढच्या मे महिन्यात आमच्या मुलुंडच्या गच्चीवर तो दुपारभर दरवळत होता.

सिलिकॉन थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये काकवीइतकं पातळ केलं. घट्ट राहिलं तर ते भोकात उतरतच नाही. जवळपास आग नको, हवा खेळती हवी. तंबू ताणून उभा केला, कारण ताणलेल्या शिवणीतच भोकं उघडी असतात. बोथट ब्रशने बाहेरून घासत गेलो. उन्हाकडे धरलं की टाक्यांजवळ दिसणारे प्रकाशाचे ठिपके एकेक करून विझत होते. जाड थर लावायचा मोह होतो, पण तो सोलून निघतो. पातळ थर दोऱ्यात मुरतो.

चोवीस तासांनी घडीत चिकटू नये म्हणून शिवणीवर टाल्कम पावडर फिरवली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आत बसून टिश्यू पेपर शिवणीवरून सरकवत नेला. कोपऱ्यात, दोरी बांधायची कडी शिवली आहे तिथे, तो ओला झाला. त्या जागी टाके जास्त दाट असतात. कापड वाळवलं, पावडर पुसली आणि तिथे पुन्हा ब्रश लावला.