गोधडी शेवटी बांधा, सगळ्यात आधी सोडा

मुंबई-पुण्यात जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की एकाच कुटुंबाचं बिऱ्हाड किमान दोनदा हलतं. आधी भाड्याच्या जागेत, मग काही वर्षांनी नव्या इमारतीत. भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचा, त्यामुळे मध्ये आणखी एखादी हलवाहलवही होते. टेम्पो, गॅस, डिपॉझिट या धावपळीत घरातल्या लहानग्याला ‘आपण नव्या घरी जाणार हं!’ एवढं सांगून मोकळं व्हायची घाई होते. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला त्यातून फारसं काही कळत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यांनी एका खोलीची छोटी प्रतिकृती केली. मुलाच्या डोळ्यांदेखत तिच्यात एक चिमुकलं खेळणं लपवलं आणि सांगितलं, की मोठं खेळणं मोठ्या खोलीत अगदी याच जागी आहे. तीन वर्षांच्या मुलांनी बहुतेक वेळा ते बरोबर शोधलं. अडीच वर्षांची मुलं गोंधळली. चिमुकलं खेळणं कुठं आहे हे त्यांना नीट आठवत होतं. छोटी खोली ही मोठ्या खोलीची खूण आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

म्हणून या वयाच्या मुलाला फ्लॅटचा नकाशा किंवा मोबाइलवरचे फोटो दाखवून काम भागत नाही. त्याला तिथं न्यावंच लागतं. शक्य असेल तर दोन-तीनदा, उजेडी, पोट भरलेलं असताना, अर्धा-पाऊण तास. नळ सोडून बघू द्या, फरशीवर बसून खाऊ खाऊ द्या. त्याआधी खिडक्यांची आणि गॅलरीची जाळी तपासा. गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान मूल त्यातून निसटू शकतं. तीन वर्षांपुढच्या मुलासाठी मात्र खोक्यांचं घर मांडून ‘इथं तुझी गादी, इथं आजीचा पलंग’ हा खेळ खरोखर उपयोगी पडतो.

‘पुढच्या रविवारी’ हेही तीन-चार वर्षांच्या मुलाला मोजता येत नाही. महिनाभर आधीपासून रोज विषय काढला तर नुसती धास्ती वाढते. आठवडा पुरतो. दारावर सात चिठ्ठ्या चिकटवा, रात्रीच्या जेवणानंतर रोज एक त्यालाच काढू द्या.

सर्वांत मोठी चूक होते ती स्वच्छतेच्या नादात. नव्या घरात सगळं धुतलेलं न्यायचं म्हणून मुलाची गोधडीही भिजत घातली जाते. कोपरा चोखून चोखून मऊ झालेली, दूध-तेलाचा वास मुरलेली ती गोधडी म्हणजे मुलाच्या ओळखीचा पक्का आधार असतो. जन्मानंतर काही दिवसांतच बाळ आपल्या आईचा वास ओळखून तिकडे तोंड वळवतं, हे एडन मॅकफर्लेन यांनी 1975 मध्ये ऑक्सफर्डमध्ये दाखवलं होतं. भिंती बदलल्या तरी वास तोच राहिला, तर अनोळखी खोलीतही मुलाला ओळखीचं काहीतरी सापडतं. गोधडी, उशी, रोजची ताटली-पेला, दोन पुस्तकं, रात्रीचा दिवा आणि दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत भरा. ती टेम्पोत टाकू नका, हातात ठेवा. टेम्पो रात्री उशिरा पोचला, तर ऐन झोपेच्या वेळी गोधडी खोक्यांच्या तळाशी सापडते.

पहिल्या रात्री मोठ्यांनाही नीट झोप लागत नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो, असं 2016 मध्ये अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना प्रौढांमध्ये आढळलं. जुन्या घरात मुलाची गादी खोलीच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला इथंही घाला, दिवाही त्याच बाजूला. पहिले काही दिवस जवळ झोपवलं तर लाडावेल, ही भीती अनाठायी आहे.

शी-शूकडे मात्र बारीक लक्ष हवं. नवा कमोड उंच, फ्लशचा आवाज मोठा. मूल घाबरून शी धरून ठेवतं. ती कडक होते, दुखते, मग ते आणखीच धरून ठेवतं. हे चक्र एकदा सुरू झालं की मोडायला आठवडे जातात. जुनं पॉटी महिनाभर तरी तसंच ठेवा. कमोडच असेल तर पायाखाली पाट द्या आणि फ्लश मूल बाहेर गेल्यावर ओढा. अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, भरवून घ्यायचा हट्ट हे सारं काही आठवडे चालतं. त्याच काळात अंगावरचं दूध तोडणं किंवा डायपर सोडवणं काढू नका. दीड महिन्यानंतरही खाणं-झोप सावरली नाही, किंवा बोलणंच कमी झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

हलायच्या दिवशी मुलाला आजीकडे ठेवलं तर चालेल, पण रिकामं घर त्याला एकदा दाखवाच. नाहीतर त्याच्या लेखी ते घर अजून तिथं तसंच मांडलेलं असतं, आणि ‘आपल्या घरी चल’ हे रोज संध्याकाळी ऐकावं लागतं.

गोधडी महिन्याभरानं धुवायला हरकत नाही. त्याच्याच हातानं बादलीत टाकायला लावा, आणि कडक ऊन असलेला दिवस निवडा, म्हणजे रात्रीच्या आत ती वाळलेली असेल.